कोरड्या वर्षांची माती

अण्णा, तुम्ही गेलात त्याच दिवशी मी तुमच्या बैठकीतला टेकू काढला.

मुद्दाम नाही हो. नांदेडहून निघालेली एसटी लोह्यात पंक्चर झाली आणि आम्ही पोचलो तोवर बैठक माणसांनी भरून गेली होती. तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, डोळे मिटलेले. वाद घालून दमल्यावर तुम्ही बसायचात, अगदी तसेच. आणि तुमच्या समोर, दर्शनाला येणाऱ्यांच्या बरोबर वाटेत, बाभळीचं एक वाकडं खोड उभं. येणारा प्रत्येक जण त्याला खांदा घासून पुढं सरकत होता. मेव्हण्याच्या मयतीत जावयाची मोठी पंचाईत असते. मोकळं रडता येत नाही, खांदा द्यायला भावकी असते, स्वयंपाकघरात कुणी येऊ देत नाही. आपण काहीतरी काम केलं पाहिजे असं मात्र सारखं वाटत राहतं. मी ते खोड दोन्ही हातांनी धरलं आणि खालची पाचर पायानं उडवली.

वर कर्र असा आवाज झाला. छताच्या फटींतून मातीची धार सुटली ती माझ्या डोक्यावर आणि तुमच्या धुवट धोतरावर.

"दाजी, सोडू नका!" वहिनी ओरडल्या. त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं बोलणं.

मी सोडलं नाही. खोडाला मिठी मारून, मान वाकडी करून मी तुमचं माळवद, ते मातीचं छत, तोलून धरलं. म्हणजे मला तसं वाटलं. खरं तर ते खोडच मला तोलून धरत होतं. शेजारचे दोघं धावत येऊन पाचर ठोकेपर्यंत मी तसाच. माणसं माझ्या बगलेखालून वाकून तुमच्या पाया पडत होती. तुमचं शेवटचं दर्शन मीही तसंच घेतलं, टेकूला मिठी मारून, पापण्यांत माती.

आणि अण्णा, तो टेकू द्या म्हणून तुमच्या मागं मीच लागलो होतो. माझ्या डोळ्यांपुढं चांगला लोखंडी पाइप होता. तुम्ही बाभूळ लावलीत, म्हणून ओळख पटली नाही.

त्या गोंधळात मी सवयीनं वरच्या साण्याकडं बघितलं. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं ते चौकोनी भोक. तुम्ही वर असलात आणि खाली काही पडलं, सांडलं, फुटलं, की तिथून तुमचं डोकं आत यायचं आणि उलट्या तोंडानं विचारायचं, "काय करून राह्यलात, दाजी?" या वेळी नुसता उजेड आला.

तुमची-माझी ओळखच मुळी माळवदावर झाली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी नवा जावई म्हणून आमरसाला आलो. कडक इस्त्रीची विजार, खिशाला पेन. तुम्ही माझ्या हातात टोपलं दिलंत. "रस दुपारी, दाजी. आदी माती." तुमची बहीण महानंदा दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती. तुम्हाला आणि वहिनींना मूलबाळ झालं नाही, त्यामुळं खालून टोपलं द्यायचं काम दर उन्हाळ्यात माझ्याकडंच राहिलं. नांदेडच्या ऑफिसात मी सांगायचो, सासुरवाडीला चाललोय. मित्र डोळे मिचकावायचे. परत यायचो तेव्हा माझ्या कानांत पांढरी माती असायची.

गावाच्या जुन्या पांढरीतून, म्हणजे कधीकाळी पडून गेलेल्या घरांच्या त्या उंचवट्यातून, ती माती गाडीनं यायची. तिच्यात मूठमूठ मीठ, म्हणजे वर गवत धरत नाही. खाली सागाच्या तुळया, तुळयांवर लाकडाच्या किलच्या, किलच्यांवर कडुनिंबाचा पाला आणि त्यावर ही माती. पावसाळ्याच्या तोंडाशी एक नवा थर टाकायचा, चोपून बसवायचा. पाऊस तो हळूहळू धुऊन पन्हाळीतून गल्लीत नेणार. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. वरचा पाऊस जेवढं नेईल तेवढं आपण द्यायचं, असा तुमच्या घराचा आभाळाशी व्यवहार होता आणि माझ्या पाठीचा त्यात उगाचच सहभाग होता.

मग पाऊसच येईना झाला.

लातूर जिल्हा होऊन फार काळ लोटला नव्हता. तुम्ही छाती काढून सांगायचात, "आता उस्मानाबादचे हेलपाटे बंद. आमी जिल्हेवाले." पहिल्यांदा ढग वरच्या वर निघून गेले तेव्हा पारावर तुम्हीच म्हणालात, "जिल्हा हिकडं आला, पाऊस उस्मानाबादलाच राह्यला. बदलीचा कागद निघाला न्हाई वाटतं त्याचा." सगळा पार हसला. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच पारावर माणसं घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसली होती. तुम्ही तोच विनोद पुन्हा करून बघितलात. कुणी हसलं नाही.

पण माती तुम्ही टाकलीतच. कोरड्या वर्षांतही.

"अण्णा," मी खालून म्हणालो, "गेल्या सालची माती जशीच्या तशी आहे वर. कण वाहून गेलेला नाही. परत कशाला?"

साण्यातून डोकं आलं. "आन् आला तर?"

"आला तर गेल्या सालची आहेच की."

"दाजी, तुमी येनार म्हनून वहिनी तुमची अंगन झाडती. गेल्या साली झाडलं होतं म्हनून बसती का?"

मी टोपलं वर दिलं. आणि तुम्ही एकटेच नव्हता. अख्ख्या गावानं टाकली. माळवद तसंच ठेवणं म्हणजे या साली पाऊस येत नाही हे चारचौघांत कबूल करणं. ते कुणालाच करायचं नव्हतं. मग त्या वर्षांत गावातली घरं दर उन्हाळ्याला एकेका थरानं जड होत गेली. पावसानं बसलेली घरं मी पुष्कळ पाहिली होती. पावसाची वाट बघून वाकलेली तुळई मी पहिल्यांदा पाहिली ती तुमच्याकडं.

माझं म्हणणं तुम्हाला पाठ होतं. तुळया विका, स्लॅब टाका. नव्या जिल्ह्याच्या गावी तेव्हा सगळीकडं तेच चाललं होतं. लातुरात एका गल्लीत खडीचा ढीग, तर पुढच्या गल्लीत सळ्यांचा. जुन्या घरांचं सागवान उचलायला लाकूडवाले टेम्पो घेऊन खेडोपाडी फिरत होते. त्यातला एक तुमच्या बैठकीत येऊन तुळई नखानं टोकरून गेला. तुम्ही त्याला ताक पाजलंत आणि परत या दारात येऊ नको म्हणालात. नंतर तुम्ही दिवसभर धुसफुसत होतात. "घरातल्या मानसाचे दात बघितल्यावानी बघून राह्यला हो!"

"अण्णा, एक दिवस हे पडणार."

"तुमच्या म्हनन्यानं पडनार असतं तर तुमच्या लगनातच पडलं असतं."

यानंतर घराच्या तब्येतीवर तुमचं व्याख्यान सुरू व्हायचं. दगडमातीची भिंत श्वास घेते. लाकूड घरातली ओल पिऊन टाकतं आणि हवा कोरडी झाली की परत देतं. पाल्यामुळं किडा लागत नाही. ऐन मे महिन्यात बैठकीत उघड्या अंगानं आडवं व्हा आणि मग काय बोलायचं ते बोला. मी आडवा व्हायचो आणि मग बोलणं राहूनच जायचं, झोप लागायची. वादात हरण्याची इतकी सुखाची रीत मला दुसरीकडं कुठं मिळाली नाही. एकदा मी स्वयंपाकघराच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा सुचवला. तुम्ही, मला आश्चर्यच वाटलं, लगेच "करून बघू" म्हणालात. वर्षाच्या आत आतल्या आत ओल धरून तो गिलावा पापडासारखा सुटला. त्यातला एक तुकडा तुम्ही बैठकीच्या कोनाड्यात ठेवून दिलात. पाहुणा आला की त्याला दाखवायचात, "हे दाजींचं सिमेंट." माझ्या सासुरवाडीत माझा फोटो नाही, अण्णा. तो तुकडा आहे.

मी नांदेडला घर बांधलं ते स्लॅबचंच. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी तुम्ही शिव्या देतच एसटीतून उतरलात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी वर तुम्हीच. दिवस उन्हाळ्याचे. गोदावरी तळाला गेलेली, वस्तीच्या विहिरीत घागर तिरकी केल्याशिवाय बुडत नव्हती. मी पाण्याच्या खात्यात कारकून, आणि माझ्याच घरी पाणी नाही, याचा ऑफिसात सगळ्यांना मोठा आनंद. नव्या स्लॅबला आठवडेच्या आठवडे पाणी पाजावं लागतं, नाही तर तो तडकतो. मला रजा मिळेना. तुम्ही गावाकडचं दुकान वहिनींवर टाकून राहिलात. स्लॅबवर मातीची छोटी छोटी आळी केलीत, आळ्यांत पाणी साठवलंत, वर ओली गोणपाटं अंथरलीत. सकाळ-संध्याकाळ ती पालटायचात, तापलेल्या पोराच्या कपाळावरची पट्टी पालटावी तशी. महानंदा म्हणायची, अण्णा, दोन घास खाऊन घे. तुम्ही वरूनच म्हणायचात, "ह्याचं होऊ दे आदी."

ज्या स्लॅबला तुम्ही जन्मभर नावं ठेवलीत तो तुमच्या हाताखाली मोठा झाला. आजवर त्याला एक रेघ नाही. मी कधी आभार मानले नाहीत. तुमच्या-माझ्यात तशी पद्धतच नव्हती. आभार मानले असते तर तुम्ही तब्येत विचारली असती. जाताना तुम्ही म्हणालात ते मात्र आठवतं. "माजा विरोद हाय तो हायच, दाजी. पन वलं लेकरू तान्हेलं ठिवू ने."

पुढच्या मे महिन्यात त्याच छताखाली झोपून उठलात आणि महानंदाला म्हणालात, "नंदे, हे छत हाय का तवा? भाकऱ्या वरच टाकत जा, सरपन वाचंल."

तुमच्या घराला स्लॅब टाका म्हटलं की तुमचा एक हुकमी पत्ता असायचा. "टँकर कवा यील तवा येतोय. मानसाला प्यायला घागर न्हाई, आन् माजं छत महिनाभर पानी पीत बसनार? ह्या गल्लीतून मान वर करून जाता यील का मला?" इथं माझं सगळं शास्त्र संपायचं. आजही संपतं.

या उन्हाळ्यात तुम्ही मला टोपलं दिलं नाहीत. मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तयार होतो. तुम्ही बैठकीत मान वर करून उभे. मधल्या तुळईला तडा गेला होता, केसाएवढा, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. "बघा, मी म्हणत होतो," हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं ते मी याच दिवसासाठी जपलं होतं. तुमचं तोंड बघितलं आणि गिळून टाकलं. बैलाच्या दुखऱ्या पायावरून फिरवावा तसा तुम्ही त्या तुळईवरून हात फिरवत होता.

"पावसानं न्हाई मोडली, दाजी," तुम्ही म्हणालात. "आपनच मोडली. वज्ज्यानं."

मग म्हणालात, वरची सगळी माती उतरवतो, बोटभर ठेवतो. मी म्हटलं, आणि खाली टेकू. "देतो." नक्की? "देतो म्हनलं न्हवं का!" तेवढ्यात जरा तुमच्या आवाजात जुना अण्णा आला आणि मला बरं वाटलं.

फाट्यापर्यंत सोडायला आलात. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणालात, "दाजी, तुमचं अर्दं बरोबर हाय."

मी खिडकीतून अर्धा बाहेर. "कोणतं अर्धं, अण्णा?"

"माती उतरली की सांगतो."

कंडक्टरनं मला शर्टाला धरून आत ओढलं. मी हसत होतो. नांदेड येईपर्यंत हसत होतो. आता ऑफिसात बसल्या बसल्या मी माझ्याच म्हणण्याचे दोन वाटे करतो. तुळया विका, हे बरोबर? की स्लॅब टाका, हे? की तुम्हाला नुसतं "पडणार" एवढंच कबूल होतं? तुम्ही मला अर्धा खरा करून ठेवलात आणि निघून गेलात. उरलेल्या अर्ध्यावर मी भांडू कुणाशी?

वहिनींनी सांगितलं ते असं. मागच्या खोल्यांवरची माती तुम्ही मोकळी केली होती. मागं शेजाऱ्यांचं अंगण, तिकडं लोटायची सोय नाही, म्हणून ती ओढत ओढत पुढं आणलीत आणि बैठकीच्या डोक्यावर ढीग घातलात. गल्लीतली वर्दळ थांबली की खाली लोटायची, असा बेत. दुपारी पाणी प्यायला खाली आलात, भिंतीला टेकून बसलात. वहिनी तांब्या घेऊन आल्या. तुम्ही तो घेतला नाहीत.

शेतात तुम्हाला समाधी दिली. स्वामींनी विभूती टाकली, बेल वाहिला, मग मीठ. मीठ पडताना मला तुमचं माळवद आठवलं आणि मी दुसरीकडं बघितलं.

आपल्या लिंगायतांत सुतक धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी चूल पेटली, दुकानाच्या फळ्या निघाल्या. पण माझ्या आदल्या दिवशीच्या पराक्रमानंतर तुळईचा तडा वाढला होता. आता त्यात बोट जात होतं. वर तुमचा ढीग तसाच. आणि ढिगाच्या बरोबर खाली, टेकूला पाठ लावून, वहिनी बसलेल्या. उठायचं नावच नाही. भेटायला आलेल्या बायका ओसरीवरच थांबल्या, एकीचीही आत पाय टाकायची छाती होईना. मधूनच वरून चिमूटभर माती वहिनींच्या पदरावर पडायची. त्या ती झाडत नव्हत्या.

"वहिनी, ओसरीवर चला," मी म्हणालो.

"मला हितंच गार वाटतंय."

"मग मी वर चढतो. ढीग उतरवून घेऊ."

"कुनी चढायचं न्हाई." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "त्यांनी हातानं वडून आनलीय ती. फावडं तसंच खवलंय तिच्यात. ऱ्हाऊ द्या."

"अहो, तुळई मोडेल!"

"लगीन झाल्यापून तुमी मोडंल मोडंल म्हनून राह्यलात, दाजी. मोडली का?"

त्या गेल्या काय आणि राहिल्या काय, त्यांना फरक पडत नव्हता, अण्णा. ते मला तेव्हा कळलं. मी टेकूच्या दुसऱ्या बाजूला बसलो. शूर आहे म्हणून नाही. पाय दाराच्या दिशेनंच केले होते.

मग त्याच बोलल्या. "तुमीच सांगा आता. इकू का तुळया? टाकू का सिलाप? त्यांच्याम्होरं तुमचं कदी चाललं न्हाई. आता कोन अडवायला हाय? तुमी म्हनाल तसं करते."

असा मी तो वाद जिंकलो. माझे सगळे मुद्दे जागच्या जागी होते, नुसतं बोलायला सुरुवात करायची होती. मी तोंड उघडलं, वर साण्याकडं बघितलं आणि म्हणालो, "वहिनी, थोडा चहा घेता का?"

महानंदा ओसरीवरून सगळं ऐकत होती. तिनं पदर खोचला आणि आत आली. ती घाबरली नव्हती. किंवा घाबरली असेल तर तुमच्यासारखी, न दाखवता. वहिनींसमोर उकिडवी बसून म्हणाली, "शेतावरून गडी आलाय. अण्णाच्या समाधीच्या वट्याला माती कमी पडून राह्यली. वड्याच्या काठची आनायला सांगू का?"

वहिनी पदरावरच्या मातीकडं बघत होत्या.

"सांगू का वहिनी? तो थांबलाय."

"वड्याची?" वहिनींनी मान वर केली. "वड्याची कशाला? ती वाळली की फाटती. त्यास्नी न्हाई चालायची."

"मग कंची आनू?"

वहिनी तिच्याकडं बघत राहिल्या. मग वर, किलच्यांकडं. मग टेकूला धरून, गुडघ्यावर हात रेटून उठल्या. मी पटकन दुसरीकडून टेकू धरला. कशासाठी, ते विचारू नका.

"फावडं मी काडनार," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई."

शिडी आधी त्याच चढल्या. पहिलं टोपलंही त्यांनीच भरलं. इतकी वर्षं मी टोपलं खालून वर दिलं, त्या दिवशी पहिल्यांदा वरून खाली घेतलं. वर वहिनी, शिडीवर महानंदा, खाली मी, आणि दारात गाडी. ढीग संपला, मग बैठकीवरचा मूळचा थर लागला. त्यातले उन्हाळे वेगवेगळे ओळखू येत होते. न भिजलेली माती एकमेकींत मिसळत नाही, पापुद्र्यापापुद्र्यानं सुटते. हा थर तुम्ही पारावर विनोद केलात त्या सालचा. हा टँकरचा. महानंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावरच्या मातीत त्याच्या रेघा उठत होत्या. ती हातानं पुसायची आणि आणखी माखायची.

"सगळी काढा आता," मी खालून ओरडलो.

साण्यातून वहिनींचं डोकं आत आलं. "बोटभर ठिवायची," त्या म्हणाल्या. "ते ठिवनार होते."

शेतावर ती माती तुमच्या ओट्याला घातली. चोपायची तर भिजवायला हवी, आणि तो टँकरचा दिवस नव्हता. कुणी कुणाला सांगितलं नाही. गल्लीतली माणसं एकेक करून आली आणि प्रत्येकानं एक तांब्या पाणी आणलं. रागावू नका, अण्णा. तुम्ही असता तर पाणी दारातून परत पाठवलं असतंत, मला माहीत आहे. वहिनींनी ते घेतलं. त्यांनी बसून हातानं ओटा सारवला, कोपरे धरले, उतार काढला. पाऊस आला तर पाणी साचू नये म्हणून. इतकी वर्षं माळवदावर कोरडी पडून राहिलेली ती माती पहिल्यांदा भिजली ती तुमच्या अंगावर.

घरी परत आलो तेव्हा टेकूची पाचर सैल झाली होती. ओझं उतरल्यावर तुळई अंगानंच जरा वर आली होती. या वेळी मी हात लावला नाही. सुतार येऊन तडा गेलेल्या तुळईला दोन्ही अंगांनी सागाच्या फळ्या लावून बोल्टनं आवळणार आहे. तोवर बाभूळ राहील. वहिनी बैठकीतच आडव्या झाल्या, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना झोप लागली. आम्ही पाय न वाजवता ओसरीवर आलो. लाकूडवाल्याचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन गेला म्हणे, दुःख ऐकून आला असेल. शेजाऱ्यांनी त्याला तिथूनच परत लावलं. वहिनींनी स्लॅबचं मला पुन्हा विचारलं नाही. मीही बोललो नाही.

आता हे सगळं तुम्हाला मी का सांगतोय? एरवी मी गावाहून परतायला निघालो की तुम्हीच फाट्यावर विचारायचात, काय ठरलं म्हणून, आणि मी काही सांगायच्या आत ते मोडीत काढायचात. या वेळी कुणी विचारलं नाही. ठरलं ते ठरूनच राहिलं. तसं ते मला फार अवघड जातंय.

एसटीत महानंदा खिडकीशी बसली होती. लोहा मागं पडलं. दोन्ही बाजूंना उघडी रानं, कुठं हिरवं म्हणून नाही. नखांतली पांढरी माती ती दुसऱ्या नखानं काढत होती, काढून खाली टाकत नव्हती.

"वहिनींनी एवढं विचारलं," ती म्हणाली, "तर तुम्ही स्लॅबचं काहीच बोलला न्हाईत."

"नाही बोललो."

"बोलायचं होतं."

"आता कशाला, नंदा?"

ती बाहेरच बघत होती.

"अण्णा भांडायला तरी आला असता."